काडतुसांची भावकी : .२२३ ची रायफल ६.५ वर नेताना (प्रकल्प नोंदी)

१५ जून

शेजारच्या आजोबांनी आज विचारलं, ऑक्टोबरात प्राँगहॉर्नच्या (इथल्या माळावरचं हरणासारखं जनावर) शिकारीला बरोबर येतोस का. चाळीस वर्षं ते जातात. मी गेली सहा वर्षं फक्त कागदावर नेम धरत आलोय. माझी सॅव्हेज कंपनीची रायफल .२२३ रेमिंग्टन काडतुसाची आहे आणि इथे, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, हरणाच्या आकाराच्या जनावरासाठी ती चालत नाही. इथला नियम असा, की गोळी किमान .२४ इंच जाडीची हवी, वजन किमान ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) हवं आणि शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा उरायला हवी. नियम नसता तरी मी .२२३ नेली नसती. जनावर जखमी होऊन माळावर दूर निघून जावं, हे मला सोसणारं नाही.

नवी रायफल घ्यायची की आहे तीच बदलायची? हिचा चाप माझ्या बोटाला सवयीचा झालाय, दस्ता मी स्वतः माझ्या गालाच्या मापाला बसवलाय. बदलायची ठरवली. काडतूस ६.५ क्रीडमूर. इथल्या प्रत्येक दुकानात मिळतं, दणका झेपणारा आहे, आणि आजोबांच्या रायफलीतही तेच चालतं.

वाचणाऱ्यांपैकी जे भारतात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यारात असा फेरबदल करायला वेगळा परवाना लागतो आणि आपल्या परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. घरी बसून असलं काही करणं तिथे गुन्हा आहे. इथे कायद्याच्या नजरेत 'बंदूक' म्हणजे नंबर ठोकलेला रिसीव्हर, बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा. नळी, बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा), मॅगझिन (काडतुसांची पेटी) हे सुटे भाग मानतात, म्हणून नळी साध्या कुरिअरने घरी येते.

१६ जून

आज हत्याराला हात लावला नाही. फक्त कागद, पेन्सिल आणि मापांचे तक्ते.

एनसीसीत असताना आम्ही कोल्हापुरात इशापूरची .२२ डिलक्स चालवायचो. त्या वयात मला वाटायचं, कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, संपलं. तसं असतं तर ती .२२ आणि माझी .२२३ सख्ख्या बहिणी ठरल्या असत्या, कारण गोळीची जाडी जवळजवळ सारखीच. प्रत्यक्षात दोघींचा एकही भाग एकमेकींना लागत नाही. एकीच्या पुंगळीची (दारू भरलेल्या पितळी नळकांड्याची) कड ठोकली की ती उडते, दुसरीला मधोमध ठोकून पेटणारी टोपी असते. एकीची पुंगळी अर्ध्या इंचाच्या आसपास, दुसरीची पावणेदोन इंच.

उलट उदाहरण बघा. .३०८ विंचेस्टर आणि .२४३ विंचेस्टर. एकीची गोळी ७.८२ मिलिमीटर, दुसरीची ६.१७. नावं ऐकून कुणीही म्हणेल, यांचा काय संबंध? पण .२४३ ही .३०८ चीच पुंगळी, मान आवळून बारीक केलेली. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, फक्त नळी वेगळी.

म्हणजे नाव गोळीचं असतं, आणि भाग ठरवते पुंगळी. तिच्याही तीन जागा : बूड, लांबी आणि खांदा (मानेखालचा उतार). बुडावरून बोल्टचं तोंड ठरतं. लांबीवरून मॅगझिन आणि ॲक्शनची (रिसीव्हर आणि बोल्टच्या जोडीची) लांबी ठरते. खांदा कुठे टेकतो त्यावर नळी किती आत बसवायची ते ठरतं. हे तीन कळले की कुठला भाग राहणार आणि कुठला जाणार, हे तक्ता न बघताही सांगता येतं.

काडतुसांची चक्क भावकी असते. .३०८ (१९५२), .२४३ (१९५५), ७ एमएम-०८ (१९८०), ६.५ क्रीडमूर (२००७) या सगळ्यांच्या बुडाचा व्यास .४७३ इंच, म्हणजे १२ मिलिमीटर. १९०६ च्या .३०-०६ चाही तोच. आणि मूळपुरुष शोधत गेलं तर वाट जाते ती जर्मन सैन्याच्या १८८८ सालच्या काडतुसाकडे. त्या वेळी ठरलेला बुडाचा व्यास आजच्या माझ्या ऑर्डरीत बोल्ट हेडचं माप म्हणून येतोय, हे मला फार विलक्षण वाटतं.

माझी .२२३ या भावकीतली नाही. तिचं बूड .३७८ इंच, साडेनऊ मिलिमीटरच्या जरा वर. म्हणून नुसती नळी बदलून भागणार नाही. कुणी .२४३ वरून ६.५ वर जात असेल तर त्याचं काम निम्मं.

आता ताकदीचा हिशोब. .२२३ चा कमाल दाब ५५,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), ६.५ चा ६२,०००. फरक तेरा टक्क्यांचा वाटतो, पण बोल्टवर मागे येणारा रेटा दाब गुणिले क्षेत्रफळ असा असतो. पुंगळीची जाडी .३७६ वरून .४७० च्या आसपास जाते, क्षेत्रफळ दीडपटीच्या वर. दोन्ही गुणले की रेटा सुमारे पावणेदोन पट. हाच आकडा ठरवतो की रिसीव्हर ठेवायचा की विचारच सोडायचा. सॅव्हेजची ही शॉर्ट ॲक्शन कारखान्यातूनच .३०८ मध्येही येते, पोलाद आणि बोल्ट अडकवणाऱ्या खिट्ट्या त्याच, म्हणून मी निश्चिंत आहे. फक्त लहान काडतुसांसाठी घडवलेल्या छोट्या ॲक्शनवर हे करणं म्हणजे चेहऱ्याशी खेळ.

हा प्रश्न आपल्या इशापूरच्या कारखान्यासमोरही येऊन गेलाय. १९६२ च्या युद्धानंतर सैन्याला ७.६२ नाटो काडतुसाच्या रायफली हव्या होत्या आणि हाताशी होता .३०३ चा जुना ली-एनफिल्ड नमुना. त्यांनी जुन्या रायफलींच्या नळ्या बदलल्या नाहीत. अधिक मजबूत पोलादात नव्याने रायफल घडवली, ती 'इशापूर २ए'. .३०३ ला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला नसते, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी नखी) बदलला आणि मॅगझिन चौकोनी, बारा काडतुसांचं झालं. बूड, लांबी, दाब. तेच तीन प्रश्न, साठ वर्षांपूर्वी.

२२ जून

नळी सुटली. दिवस गेला.

सॅव्हेजच्या ११० घराण्याचा हा नमुना निकोलस ब्रूअर यांनी बनवला, १९५८ साली तो बाजारात आला. त्याचं मोठेपण असं, की नळी रिसीव्हरमध्ये फिरवायची आणि मग नटाने आवळायची. बहुतेक रायफलींत नळीला खांदा असतो, तो रिसीव्हरला भिडतो, आणि चेंबरची (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेची) खोली लेथवर हजारांश इंचात जुळवावी लागते. इथे ती नट सैल करून जुळवता येते. म्हणून घरच्या टेबलावर हे काम शक्य आहे.

कारखान्याने आवळलेला नट मात्र हलेना. नळी शिकंजात लाकडी ठोकळ्यांमध्ये धरली होती, पाना लावला, जोर दिला, आणि नटाऐवजी नळीच ठोकळ्यात फिरली. काळ्या पॉलिशवर तीन इंचांचा ओरखडा. जुनी नळी असली तरी जिवाला लागलं. थांबलो, आटे असलेल्या जागी तेल सोडलं, आणि ठोकळ्यांना राळ चोळली. तीच, जी अप्पा शिरोलीच्या लेथ शॉपमध्ये पट्ट्याला लावायचे. दोन तासांनी परत जोर दिला तर 'टक्' आवाज आला आणि नट सुटला.

मी नळी काढेपर्यंत नवीन नळीची ऑर्डर दिली नव्हती, त्याला कारण आहे. सॅव्हेजच्या नळ्यांचे आटे दोन जाडींचे येतात. एक साधारण १.०५ इंच, दुसरा १.१२ इंच. दोन्हींना इंचाला २० आटे. म्हणजे आट्याची पट्टी लावली तर दोन्ही नळ्या बरोबरच वाटतात! व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजला तरच फरक कळतो. माझा १.०५५ आला, म्हणजे लहान शँक (नळीचा आटे असलेला भाग).

दस्त्याच्या स्क्रूंमधलं अंतरही मोजून ठेवलं : ४.४ इंच. याच कंपनीच्या दुसऱ्या शॉर्ट ॲक्शनचं अंतर ४.२७५ असतं. पुढे दस्ता किंवा खालचं मॅगझिनचं घर घ्यायची वेळ आली तर हा आकडा लागेल.

२३ जून

ऑर्डर दिली : ६.५ ची चेंबर कापलेली तयार नळी, आतल्या खाचांना आठ इंचाला एक पीळ. .४७३ तोंडाचं बोल्ट हेड, सेकंडहँड. गो आणि नो-गो गेज (चेंबरची खोली तपासायचे दोन ठोकळे). मॅगझिन. जुना नट आणि जुना रिकॉइल लग (दणका दस्त्याकडे पोचवणारी पट्टी) तेच वापरणार.

६ जुलै

बोल्ट हेड.

सॅव्हेजचं बोल्ट हेड बोल्टपासून वेगळं निघतं. एका आडव्या पिनने ते अडकवलेलं असतं आणि त्या पिनेच्या मधल्या भोकातून फायरिंग पिन जाते. ही कल्पना आपल्याला परकी नाही. ली-एनफिल्डचंही बोल्ट हेड सुटं होतं, आणि नंबर ४ रायफलीत तर ० ते ३ अशा चार मापांची हेड असायची. चेंबर झिजली की पुढच्या नंबरचं लावायचं.

मागचा स्क्रू काढला, फायरिंग पिनची जुळणी बाहेर घेतली, आडवी पिन ढकलली, हेड हातात आलं. जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघितलं. बाहेरून जुळी भावंडं, खिट्ट्या सारख्याच. फक्त तोंडाची वाटी एकीची लहान, एकीची मोठी. एक्स्ट्रॅक्टरही वेगळा, कारण त्याला पुंगळीची कड पकडायची असते. हेड घेताना एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टरसकट (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीसकट) घ्यावं. जुने काढून नव्यात बसवता येतील असं समजू नये.

बसवताना आडव्या पिनेचं भोक फायरिंग पिनच्या रेषेत आलं पाहिजे, नाहीतर जुळणी आत जातच नाही. जोर लावायचा नाही. फिरवून, बघून, परत.

मग फायरिंग पिन तोंडाच्या बाहेर किती येते ते मोजलं. हेड बदललं की हे माप बदलू शकतं, आणि हा मुद्दा अनेकजण विसरतात. पिन फार पुढे आली तर टोपी भोसकली जाईल आणि तापलेला वायू मागे येईल. कमी आली तर काडतूस पेटणार नाही. माझं माप ६२ थाऊ आलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या शॉपमध्ये सगळे हाच शब्द वापरतात. मागच्या नटाने ते ४५ थाऊंवर आणलं.

शेवटी खिट्ट्यांना मागून ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावला, बोल्ट मागे दाबून धरत दहा वेळा उघडझाप केली. दोन्ही खिट्ट्यांवरचा ब्लू जवळपास सारखा पुसला गेला. एकच खिट्टी सगळा भार घेत असती तर तो पावणेदोन पट रेटा तिने एकटीने झेलला असता. दोन्ही टेकतायत हे बघून फार बरं वाटलं.

७ जुलै

गेज लावण्याआधी एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढावे लागतात. इजेक्टरची स्प्रिंग गेजला पुढे ढकलत राहते आणि बोल्ट बंद होताना हाताला खोटी जाणीव देते. एक्स्ट्रॅक्टरखाली एक बारीक पोलादी गोळा आणि स्प्रिंग असते. गोळा उडाला. गालिच्यावर लोहचुंबक फिरवून पाऊण तासाने सापडला, लेकीने शोधला. हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करायचं, हे आता वहीत लाल शाईने लिहिलंय.

१३ जुलै

आजचा दिवस खांद्याचा.

काडतूस चेंबरमध्ये गेलं की त्याचा खांदा पुढे टेकतो आणि बूड बोल्टच्या तोंडाशी असतं. या दोन टेकूंमधली जागा म्हणजे हेडस्पेस. कमी पडली तर बोल्ट बंदच होणार नाही. जास्त झाली तर बार उडताना पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर फाटू शकते. फाटली की ६२,००० पीएसआयचा वायू डोळ्यांच्या दिशेने वाट शोधतो. म्हणून इथे 'चालेल' हा शब्द वापरायचा नाही.

गो गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, नो-गो गेजवर होताच कामा नये. दोन्हींत फरक साधारण चार थाऊंचा, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढा. नळीला इंचाला २० आटे, म्हणून एक फेरा म्हणजे ५० थाऊ. चार थाऊ म्हणजे २९ अंश. घड्याळाच्या काट्याने एका आकड्यावरून दुसऱ्यावर जावं, एवढ्या फिरण्यात नळी बरोबरची चुकीची होते.

कृती अशी. रिसीव्हर, लग, नट. गो गेज बोल्टच्या तोंडात ठेवून बोल्ट पूर्ण बंद केला. नळी हाताने आत फिरवत नेली, गेजला टेकली तशी थांबलो. नट आवळला. बोल्ट उघडला, परत बंद केला : गो वर बंद, छान. नो-गो लावला : बंद झाला.

क्षणभर काही सुचेना. नळी टेकलेली मी स्वतः पाहिली होती. परत सगळं सैल करून, परत तेच करून, परत नो-गो बंद. तिसऱ्या खेपेला कारण लक्षात आलं. नट आवळताना तो लगवर रेटा देतो आणि नळीला पुढे ओढतो. आट्यांमध्ये जो बारीक ढिलेपणा असतो तेवढी नळी पुढे सरकते. आवळण्याआधी बरोबर असलेलं माप आवळल्यावर वाढतं.

उपाय म्हणून नळी गेजला टेकल्यावर केसभर जास्त आत फिरवली, म्हणजे बोल्ट बंद करताना गेजचा हलका विरोध हाताला जाणवेल इतकी. मग नट आवळला. आता गो वर बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली येतो, नो-गो वर अर्ध्यात थांबतो. त्याहून बारीक तपासणीसाठी गो गेजच्या बुडाला चिकटपट्टीचा एक थर लावला, सुमारे दोन थाऊ. बोल्ट विरोध करत बंद झाला. दोन थरांवर झाला नाही. म्हणजे किमान मापाच्या वर दोन-तीन थाऊंच्या आत आहे. याहून चांगलं मला नकोय.

नळी आणि नट यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. सरकलं तर दिसेल.

१४ जुलै

अप्पांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांची सगळी हयात लेथवर गेली, बंदुकीशी कधी संबंध आला नाही. पण गेज पाहिल्याबरोबर म्हणाले, "हे आपलं गो-नोगोच की रे. थंड होतं काय गेज? आणि नळी?" मी म्हटलं, दोन्ही टेबलावरच होते रात्रभर. "मग ठीक. आणि नुसती पट्टी लावून आटे बघितलं न्हाईस न्हवं?" व्यास मोजल्याचं सांगितलं तेव्हा मान डोलावली. त्यांनी एवढं बघितलं याचंच मला समाधान.

२० जुलै

मॅगझिन. वाटलं होतं हे सगळ्यात सोपं.

माझ्या दस्त्यात एआयसीएस पद्धतीचं, म्हणजे खालून चढणारं सुटं मॅगझिन बसतं. .२२३ चं आणि .३०८ घराण्याचं, दोन्ही बाहेरून एकाच आकाराची, म्हणून एकाच खाचेत बसतात. .२२३ च्या मॅगझिनमध्ये आत ठोकळा घालून जागा लहान केलेली असते. .२२३ चं पूर्ण काडतूस २.२६ इंच, ६.५ चं २.८२५. अर्ध्या इंचाहून जास्त फरक. ठोकळा काढून जुनंच वापरता येईल का, असा विचार आला होता. पण वरचे ओठही बारीक पुंगळीसाठी जवळ घेतलेले असतात. ओठ वाकवत बसायचं नाही असं ठरवून .३०८ मापाचं नवं लावलं. काडतूस .३०८ नसून ६.५ आहे तरी चालतं, कारण मॅगझिनला गोळीशी देणंघेणं नाही. बूड आणि लांबी जुळली की झालं.

तरी पहिल्याच डमी (दारू नसलेल्या) काडतुसाला बोल्ट वरून घसरून पुढे गेला. टॉर्च मारून बाजूने पाहिलं : बोल्टचं तोंड पुंगळीच्या कडेला जेमतेम शिवत होतं. नवं मॅगझिन दुसऱ्या कंपनीचं, त्याची खाच वेगळ्या उंचीवर कापलेली, त्यामुळे ते जरा खाली लटकत होतं. खटक्याच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची पत्र्याची पट्टी चिकटवली. आता पाचही डमी सरळ चेंबरमध्ये जातात. शंभर वेळा भरून-काढून पाहिलं.

२१ जुलै

एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

आपण भाग जुळतात का हे शोधतो आणि जुळले की खूश होतो. पण सगळं जुळणं हेच काही ठिकाणी घातक असतं. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच पुंगळीतून बनतं. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, बदलायची फक्त नळी. एआर-१५ पद्धतीच्या रायफलींत म्हणूनच ते लोकप्रिय झालं. पण मॅगझिन तेच असल्यामुळे ते काडतूस चुकून .२२३ च्या नळीत जाऊ शकतं, आणि काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्ट बंदही होतो. मग ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत घुसायला जाते. रायफल फुटते. अशा फुटलेल्या रायफलींचे फोटो पाहिलेत, पोटात गोळा येतो.

माझ्या बदलात बूडच वेगळं असल्याने ६.५ चं काडतूस .२२३ च्या बोल्टमध्ये धरलंच जात नाही. हा न जुळणारा भागच इथे राखणदार आहे. उलट .३०८ घराण्यातल्या दोन रायफली ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवावीत. एकाच टेबलावर दोन डबे उघडू नयेत.

२७ जुलै

दस्ता. नवी नळी जाड आहे, जुन्या खाचेत डाव्या बाजूला टेकत होती. दांड्याला काचकागद गुंडाळून खाच रुंद केली, एक डॉलरची नोट नळीखालून नटापर्यंत सहज सरकेपर्यंत. उघड्या लाकडाला तेल पाजलं.

मझल ब्रेक (दणका कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात तो भाग) : जुन्या नळीचे टोकाचे आटे अर्धा इंच, इंचाला २८. नवीचे ५/८ इंच, इंचाला २४. जुना ब्रेक चढत नाही, आणि ते उत्तमच आहे, कारण त्याचं भोक .२२ गोळीसाठी कापलेलं आहे. ६.७ मिलिमीटरची गोळी त्यात कडेला घासली असती. बाजारात या दोन आट्यांना जोडणारे अडॅप्टर मिळतात. ते लावणाऱ्याने आधी भोक मोजावं. आटे जुळवून देणाऱ्या वस्तूला भोकाची काळजी नसते. मी तूर्त नुसती आटे झाकणारी टोपी चढवली.

३ ऑगस्ट

पहिले बार. आजोबा बरोबर होते. नळी आरपार स्वच्छ असल्याचं दोघांनी पाहिलं, चष्मे घातले, एका वेळी एकच काडतूस.

पाच बार. प्रत्येक पुंगळी उचलून उन्हात धरली. टोप्यांच्या कडा गोल, सपाट झालेल्या नाहीत. पिनेचा खड्डा मधोमध. बुडाच्या वर चकचकीत कडं नाही. तार वाकवून आतून फिरवली, कुठे खळगा लागला नाही. घरी येऊन खांद्याचं माप घेतलं तर तो दोन थाऊ पुढे गेलाय. टेबलावर चिकटपट्टीने सांगितलं होतं तेच पितळाने सांगितलं.

पण पाचपैकी दोन पुंगळ्या बाहेर पडल्या नाहीत, ॲक्शनमध्येच आडव्या राहिल्या. दोष सेकंडहँड हेडचा. एक्स्ट्रॅक्टरची धार भिंगाखाली पाहिली, कोपरा गोल झालाय. विकणाऱ्याने 'कमी वापरलेलं' असं लिहिलं होतं. नवा एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टरची नवी स्प्रिंग मागवली. दोन्ही मिळून एका जेवणाच्या किमतीचे भाग. ते पहिल्याच ऑर्डरीत घ्यायला हवे होते.

१७ ऑगस्ट

नवा एक्स्ट्रॅक्टर. चाळीस बार, चाळीस पुंगळ्या उजवीकडे चार फुटांवर. पांढरी रेघ जागच्या जागी.

१४० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २७०० फुटांच्या जवळपास. दोनशे यार्डांवर नेम जुळवला. तीनशेवर सुमारे सात इंच खाली. इथली उंची दीड हजार मीटर, हवा विरळ, म्हणून समुद्रकाठच्या तक्त्यापेक्षा थोडी कमीच पडते. दुर्बिणीवर .२२३ साठी अंतराचे आकडे कोरून घेतलेली चकती होती, ती काढून साधी चकती बसवली. हाही एक जुळणारा-न जुळणारा भागच, आणि यादीत तो कुणी लिहीत नाही. जुनी चकती राहिली असती तर मी तीनशेवर आत्मविश्वासाने चुकीच्या जागी नेम धरला असता.

दणका तिपटीच्या वर आहे. दुर्बीण अर्धा इंच पुढे घेतली, भुवईला लागू नये म्हणून.

२५ ऑगस्ट

शिकारीच्या शिक्षणाचं कार्ड आलं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे ते लागतं. केशरी जाकीट घेतलं.

संध्याकाळी जुने भाग आवरले. .२२३ ची नळी, तिचं बोल्ट हेड, मॅगझिन, ब्रेक आणि ती कोरलेली चकती, सगळं तेल लावून एकाच कापडी थैलीत बांधलं. .२२३ ची उरलेली काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलपात. थैलीला मराठीत चिठ्ठी शिवली, कारण पुढे हे उघडणारी बहुधा लेकच असेल : "हे पाचही एकत्र राहतील. पुन्हा बसवताना गेज लाव. आधीच्या वेळचं माप धरून चालू नकोस."

तिने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, गेज कुठे आहेत? तेही थैलीत हवेत ना? माझ्याकडे फक्त ६.५ चे आहेत. .२२३ चे उद्या मागवतो.